आईच्या पायाची जखम आणि ‘हर्बल नॅनो’ जेल

प्रश्न: माझी आई ६४ वर्षांची आहे. मधुमेह बराच जुना. अडीच महिन्यांपूर्वी उजव्या चवड्याखाली घट्टा आला, तो फुटला आणि जखम झाली. दुखत नव्हतं म्हणून ती बोललीच नाही. पायमोज्यावर डाग दिसला तेव्हा आम्हाला कळलं. सर्जननी जखम दोनदा साफ केली. आता ते म्हणतात, आधी पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी करू आणि मग गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालू. आई प्लास्टरला तयार नाही. दादाने हळद आणि इतर वनस्पतींपासून बनवलेलं एक ‘हर्बल नॅनो’ जेल ऑनलाइन मागवलंय. जाहिरातीत शोधनिबंधांचे दाखले आहेत, उंदरांचे फोटो आहेत, चौदा दिवसांत जखम भरलेली दिसते. दादा म्हणतो, नैसर्गिकच आहे, महिनाभर लावून बघू, प्लास्टरचं नंतर बघता येईल. मीही थोडं वाचलं, तर या विषयावर खरोखरच खूप संशोधन चाललेलं दिसतं. मग डॉक्टर हे का देत नाहीत? आणि दादाला नाही म्हणायचं तर कशाच्या आधारावर?
– एक मुलगी

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मग. जेलवर महिना घालवू नका. रक्तपुरवठ्याची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. ती बरी आली तर आईला प्लास्टरसाठी तयार करा. तिला कसं तयार करायचं तेही पुढे लिहिते.

दादांना मी वेड्यात काढणार नाही. त्यांनी दाखवलेलं संशोधन खोटं नाही, आणि त्यातलं काही तर मला स्वतःला फार आशादायक वाटतं. पण त्या संशोधनात आणि घरी येणाऱ्या त्या डबीत बरंच अंतर आहे, आणि ते अंतर आईच्या पायाने मोजायला नको.

जखम अडीच महिने का भरत नाहीये, तिथून सुरुवात करू. मधुमेही पाय तपासताना आम्ही नायलॉनचा एक जाडसर धागा वापरतो. तो तळपायावर टेकवून, वाकेपर्यंत दाबायचा. वाकतो तेव्हा बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि स्पर्श झाला की ‘हो’ म्हणायचं. तुमच्या आईसारख्या पायांवर धागा पुरता वाकतो आणि पेशंट गप्प बसून राहतो, डॉक्टरांनी अजून सुरुवात केली नाही असं समजून. पायातली संवेदना गेली म्हणजे काय, ते त्या क्षणी घरच्यांना कळतं. तुमच्या-माझ्या चवड्याखाली फोड आला तर आपण नकळत लंगडतो, वजन दुसरीकडे टाकतो. आई लंगडत नाही. स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंतच्या प्रत्येक पावलाला तिचं सगळं वजन त्याच जागेवर पडतं, आणि रात्रभरात जखमेत जे नाजूक नवं मांस धरलेलं असतं ते सकाळी चिरडलं जातं. तिच्या जखमेच्या कडेला पांढरट, ओलसर, जाड कातडी परत परत येत असेल, तर ती दाबाचीच खूण आहे. सर्जन तीच कापून काढतात.

आता जखमेच्या आतलं. साध्या जखमेत आधी रक्त गोठतं, मग पांढऱ्या पेशी येऊन साफसफाई करतात. त्यांतल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी साफसफाई झाली की काम बदलतात आणि नव्या रक्तवाहिन्या, नवं कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) यांना बोलावणं धाडतात. जुन्या मधुमेहात हा पालट नीट होतच नाही. सूज रेंगाळते. ऊती विरघळवणारी विकरं जखमेत साठतात आणि नव्याने तयार झालेलं खाऊन टाकतात. जंतू स्वतःभोवती चिकट थर करून बसतात, त्या थरात औषध नीट शिरत नाही.

वनस्पतींवरचं संशोधन नेमकं इथे येतं. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यात आणि अनेक फळांत असलेलं क्वेर्सेटिन, द्राक्षातलं रेस्वेराट्रॉल, मंडूकपर्णीतलं एशियाटिकोसाइड ही रेणूंची नावं या विषयात सारखी भेटतात. प्रयोगशाळेत ती सूज उतरवतात, कोलॅजन वाढवतात, काही जंतूंनाही आवरतात. अडचण ती जखमेपर्यंत पोहोचवण्याची आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. शरीराच्या तापमानाला, आपल्या रक्ताइतक्याच सामूच्या साध्या द्रावणात ठेवलं तर अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के मोडून जातं. त्यात जुनाट जखमेचा सामू निरोगी त्वचेसारखा आम्लधर्मी नसतो, तो अल्कधर्मी बाजूला झुकलेला असतो; म्हणजे कर्क्युमिनला आणखीच प्रतिकूल. म्हणून ते स्निग्ध पदार्थाच्या किंवा पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कुपीत भरायचं, साधारण १०० ते २०० नॅनोमीटरच्या, आणि त्या कुप्या जेलमध्ये किंवा बारीक तंतूंच्या पट्टीत बसवायच्या. एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर असतात, यावरून आकाराचा अंदाज करा. कुपीत रेणू टिकतो आणि हळूहळू बाहेर पडतो. कल्पना पक्की आहे. आलं, कोरफड, जिन्सेंग अशा वनस्पतींच्या पेशी स्वतःच असे सूक्ष्म पुटके बाहेर सोडतात. ते वेगळे काढून थेट औषध म्हणून वापरता येतील का, हाही शोध चालू आहे. या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे, कारण त्यात कुपी आणि औषध दोन्ही वनस्पतीचंच असतं.

तिसरा प्रकार जाहिरातीत सर्रास दिसतो आणि लोक त्यात हमखास फसतात. वनस्पतीच्या अर्काने चांदीच्या क्षारापासून चांदीचे नॅनोकण तयार करतात आणि त्याला ‘हरित’ म्हणतात. हरित आहे ती बनवण्याची रीत. जखमेवर जाते ती चांदीच. चांदी जंतू मारते, हे खरं. पण मात्रा वाढली की जखम भरणाऱ्या आपल्याच त्वचापेशींनाही ती मारते. जेलमध्ये चांदी आहे का, किती आहे, हे वेष्टनावर स्पष्ट छापलेलं नसेल तर ‘नैसर्गिक’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आता त्या उंदरांकडे येऊ. चौदा दिवसांचे फोटो बघून कोणालाही भुरळ पडेल, दादांचा दोष नाही. पण उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो, जो माणसाच्या अंगावर बहुतेक ठिकाणी नसतोच. त्यामुळे उंदराची जखम मुख्यतः आवळून मिटते. आपली जखम तळातून मांस भरत आणि कडेने कातडी सरकत भरते. काळजीपूर्वक काम करणारे संशोधक म्हणूनच जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवतात, म्हणजे ती आवळणार नाही. जाहिरातीतल्या फोटोत अशी कडी दिसते का, बघा. औषध न लावलेल्या उंदरांची रांगही बघा. चौदाव्या दिवशी बहुतेकदा तीही बरीच भरत आलेली असते. शिवाय या उंदरांना मधुमेह बहुधा एका रसायनाने काही आठवड्यांपूर्वीच केलेला असतो. जखम पाठीवर, गोल पात्याने, स्वच्छ कापलेली. तिच्यावर कोणी उभं राहत नाही. रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं कडक झालेल्या नसतात. आईच्या जखमेतल्या ज्या दोन गोष्टी आपल्याला छळताहेत, चालण्याचा दाब आणि कदाचित अपुरं रक्त, त्या दोन्ही त्या प्रयोगात नाहीत. संशोधक हे लपवत नाहीत, शोधनिबंधात लिहितातही. जाहिरातीत तेवढंच गळतं.

मग वनस्पतीजन्य असं काही माणसांवर सिद्ध झालंच नाही का? झालंय, आणि ते दादांना जरूर सांगा. मंडूकपर्णी आणि पानओवा या दोन वनस्पतींच्या अर्कांपासून तैवानमध्ये एक मलम तयार झालं, त्याचं संशोधनातलं नाव ओएन१०१. मी वर म्हटला तो मॅक्रोफेज पेशींचा अडलेला पालट पुढे ढकलणं हेच त्याचं काम. मधुमेही पायाच्या जखमा असलेल्या २३६ लोकांवर त्याची चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १६ आठवड्यांत मलमाच्या गटात ६०.७ टक्के लोकांची जखम पूर्ण भरली, नेहमीच्या शोषक ड्रेसिंगच्या गटात ३५.१ टक्के. तैवानने त्याला औषध म्हणून मान्यताही दिली. कोणाला कोणतं औषध मिळतंय हे पेशंटना माहीत होतं, ही त्या चाचणीची एक उणीव. जखम तपासणाऱ्यांना मात्र ते सांगितलेलं नव्हतं. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो.

तो नीट वाचला तर दादांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. वनस्पतीचा चांगला अभ्यासलेला, मोजून घेतलेला अर्क, आणि तरी १६ आठवडे लागले, चौदा दिवस नव्हे. दहातल्या जवळपास चौघांची जखम तेवढ्यातही पुरती भरली नाही. चाचणीत घेतलेल्या लोकांच्या पायाचा रक्तपुरवठा आधी तपासलेला होता आणि जखमा आधी साफ केलेल्या होत्या. ते मलम नॅनो नाही, हेही लक्षात घ्या. आणि हे वाचून कोणी कुंडीतला पानओवा तोडून, वाटून जखमेवर बांधू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. पानावर मातीतले जंतू आणि बुरशीचे बीजाणू असतात, आणि आईची जखम उघडी आहे.

हळदीच्या पेटंटची गोष्टही दादा काढतील. जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं आणि सीएसआयआर या भारत सरकारच्या विज्ञान संशोधन परिषदेने आक्षेप घेतल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं. मला त्याचा अभिमान आहे. पण ते रद्द झालं कारण हा उपयोग आधीपासूनच माहीत होता, त्यात नवं काही नव्हतं. मधुमेही पायाची जखम हळदीने भरते का, हा प्रश्न त्या वादात नव्हताच.

तर डॉक्टर हे का देत नाहीत? कारण मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ मध्ये माणसांवरचा सगळा पुरावा तपासून जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत केवळ जखम भरावी म्हणून वनौषधीयुक्त ड्रेसिंग वापरू नका असं म्हटलं आहे. मधाबद्दलही तेच म्हटलंय, आणि कोलॅजनच्या ड्रेसिंगबद्दलही. म्हणजे हा वनस्पतींवरचा राग नव्हे. पुरावा कमी पडला त्या सगळ्यांना एकच माप लावलं आहे. तळपायावरच्या, संवेदना गेलेल्या पायाच्या जखमेसाठी त्यांची पहिली पसंती मात्र ठाम आहे: गुडघ्यापर्यंतचं, पेशंटला स्वतः काढता न येणारं साधन. तुमचे सर्जन तेच सांगताहेत.

‘लावून बघायला काय हरकत आहे’ या वाक्यावर माझी हरकत महिन्यासाठी आहे. जेलने खाज-पुरळ आली तर ती जाईल. पण त्या महिन्यात आई चालत राहील, जखम खोल जाईल, आणि संवेदना नसल्यामुळे हाडाला संसर्ग झाला तरी तिला कळणार नाही. वरून रंगीत जेलचा थर असला की लाली, पू, काळी पडणारी कड काहीच नीट दिसत नाही. बोट किंवा पाय गमावलेल्या लोकांच्या कहाण्यांत असा एखादा ‘बघू’चा महिना मला वारंवार ऐकू येतो. म्हणून इतकं तोडून लिहिते आहे.

तपासणीबद्दल थोडं. घोट्याजवळचा रक्तदाब मोजून पायाच्या रक्तपुरवठ्याचा अंदाज करतात, पण जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून त्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाब आणि डॉप्लरमधल्या (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह बघण्याच्या तपासणीतल्या) लहरींचा आकार यांबद्दल आवर्जून विचारा. अंगठ्याचा दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर प्लास्टरचा विषय बाजूला ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने जावं लागेल. पुरवठा थोडासाच कमी आणि संसर्ग नाही, असं निघालं, तर सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेल्या ड्रेसिंगबद्दल डॉक्टरांशी बोला. अशा जखमांच्या २४० लोकांवरच्या चाचणीत २० आठवड्यांत ४८ टक्के जखमा भरल्या, साध्या ड्रेसिंगने ३० टक्के. नेहमीचे उपचार नीट करून दोनेक आठवड्यांत फरक दिसला नाही, तर त्याचा विचार करायला तोच कार्यगट सांगतो.

आता आई. ती ‘नाही’ का म्हणते, हे तिला शांतपणे विचारलंत का? बायका मला सहसा पायाबद्दल सांगतच नाहीत. सांगतात आंघोळीचं, रात्री बाथरूमला जायचं, पडायची भीती, आणि ‘मी पांगळी झाले असं सगळ्यांना वाटेल’. यातल्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी करता येतं. पायावर चढवायचं पाणी न शिरणारं आवरण मिळतं. रात्रीसाठी वाटेत दिवा आणि हातात काठी किंवा वॉकर. प्लास्टरमुळे तो पाय उंच होतो, कमरेला हिसके बसतात आणि तोल जातो. दुसऱ्या पायाच्या बुटाचा तळ तेवढाच जाड करून घेतला की बराच फरक पडतो. प्लास्टर महिनोन्महिने तसंच राहत नाही, साधारण दर आठवड्याला काढून जखम बघतात आणि नवं घालतात, हे तिला बहुधा कोणी सांगितलेलंच नसेल. रक्तपुरवठा बरा आणि संसर्ग नाही, अशा जखमा प्लास्टरमध्ये बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांत भरतात.

ती ‘काढता येणारा बूट द्या, मी नक्की घालीन’ असं म्हणेल. मनापासून म्हणेल. असे बूट दिलेल्या लोकांची पावलं एका अभ्यासात मोजली, तर दिवसभरातल्या चालण्यापैकी जेमतेम २८ टक्के चालणं बूट घालून झालेलं निघालं. ती माणसं लबाड नव्हती. घरातल्या घरात चार पावलं टाकायला कोण बूट चढवतो? पण आईची सगळी पावलं घरातल्या घरातलीच आहेत. काही कारणाने प्लास्टर शक्यच झालं नाही तर बूटच घ्या, मात्र पलंगाशेजारी ठेवा आणि रात्री उठतानाही तो पायात हवा.

दादांना नुसतं ‘नाही’ म्हणू नका, त्यांना काम द्या. ते शोधनिबंध वाचतात म्हणजे त्यांना मोजमापाची गोडी आहे. दर आठवड्याला ड्रेसिंग किंवा प्लास्टर बदलताना, जखम साफ झाल्यावर, तिची सर्वांत जास्त लांबी आणि त्याला काटकोनात रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायची. शेजारी पट्टी धरून, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढायचा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यानेही कमी झालं नाही, तर ती जखम बारा आठवड्यांत भरण्याची शक्यता कमी, हे चांगलं अभ्यासलेलं आहे. तेव्हा दादांनी ती वही घेऊन सर्जनसमोर बसावं आणि ‘आता पुढचं काय’ असं विचारावं. नव्या उपचारांची जागा तिथे आहे. त्या वेळी एखाद्या वनस्पतीजन्य नॅनो औषधाची नोंदणीकृत चाचणी चालू असेल आणि आई त्यात बसत असेल, तर मी आडकाठी करणार नाही. खऱ्या चाचणीत नीतिसमितीची मंजुरी असते, संमतीपत्र तुमच्या भाषेत समजावून देतात, औषधाचे पैसे घेत नाहीत, आणि पायावरचा भार कमी करणं व जखम साफ करणं दोन्ही गटांत चालूच ठेवतात.

डबी विकणाऱ्यालाही दादांनी एक प्रश्न लिहून पाठवावा: हेच जेल, हीच मात्रा, मधुमेही पायाच्या जखमा असलेल्या किती माणसांवर, कशाच्या तुलनेत वापरलं आणि किती जणांची जखम पूर्ण बंद झाली? उत्तरात पुन्हा उंदीर आले, किंवा ‘हजारो समाधानी ग्राहक’ आले, तर दादांना स्वतःच कळेल. परवाना औषधाचा आहे की सौंदर्यप्रसाधनाचा, तेही बघा. प्रसाधन उघड्या जखमेसाठी नसतंच.

मधल्या काळात ताप आला, थंडी वाजली, जखमेभोवतीची लाली पसरू लागली, पाय सुजला, वास येऊ लागला, कड काळी पडली, किंवा काही कारण नसताना शुगर एकदम चढली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका; तिला दुखणार नाहीच. प्लास्टर घातल्यावर आत ओल किंवा वास जाणवला, ते सैल झालं किंवा करकचू लागलं, तरी तोच नियम. डावा पाय रोज रात्री तुम्ही किंवा वहिनींनी उजेडात बघायचा, बोटांच्या मधल्या फटींसकट, कारण आता त्याच्यावर जास्त भार येणार आहे.

जखम भरल्यावरही चपला-बुटांचं प्रकरण संपत नाही. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा होतात, तेव्हा मऊ, मापाने बनवलेल्या पादत्राणांबद्दल सर्जनशी आत्ताच बोलून ठेवा. जेलची ऑर्डर अजून रद्द होत असेल तर करा, आणि त्या पैशांत आईच्या डाव्या बुटाचा तळ जाड करून घ्या. प्लास्टर घालायला जाल त्या दिवशी तो बरोबर हवा.